राऊटरलाही कुलूप लागतं

कुर्डुवाडीत स्टेशनसमोर धंदा करणारा माणूस रात्री शटर ओढतो, कुलूप दोनदा हलवून बघतो. घरून ऑर्डर घेणाऱ्यांचं दुकान मात्र राऊटरवर चालतं, आणि तो बसवल्यापासून त्याची सेटिंग कुणी उघडूनही बघितलेली नसते.

जुलै 2017 मध्ये बीएसएनएलच्या हजारो ग्राहकांचं ब्रॉडबँड मालवेअरने बंद पाडलं. कारण काय, तर मोडेमचा पासवर्ड मूळचा 'अ‍ॅडमिन'च राहिला होता. तेव्हा निदान नेट बंद पडलं, म्हणून कळलं तरी! राऊटर गुपचूप ताब्यात गेला, तर बँकेच्या नावाने खोटं पान उघडू शकतं.

पासवर्ड बदलाच. पण माझं मत विचाराल, तर तेवढ्यावर भागत नाही. फर्मवेअरमध्ये, म्हणजे राऊटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्येच भोक असेल, तर चोर पासवर्डशिवायही आत येऊ शकतो. राऊटरखालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, अपडेट आलाय का बघा, 'रिमोट मॅनेजमेंट' बंद करा. जमत नसेल तर नेटवाल्या पोराला बोलवा, त्यात लाज कसली? आणि कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं थांबवलं असेल, तर सरळ नवा घ्या. खर्च आहे, मान्य. तो घरखर्चात नको, धंद्याच्या खर्चात धरा.