उधारीची चिठ्ठी, रोखीची कटती



दिवाळी सरली की गेवराई, माजलगाव, वडवणीच्या रस्त्यांना कापसाच्या गाड्या लागतात. जिनिंगच्या दारात रात्र काढायची, सकाळी काटा करायचा, ओलावा आहे, कवडी आहे, हे ऐकून घ्यायचे आणि जो ठरेल तो भाव पदरात पाडून घ्यायचा. एवढे सगळे झाल्यावर हातात काय पडते? कागदाचा एक तुकडा. "पंधरा दिवसांनी या. आजच रोख पाहिजे असेल तर शेकडा दोन कमी घ्या."

घरी वेचणीची मजुरी थकलेली असते. खताच्या दुकानदाराचा निरोप येऊन गेलेला असतो. आपण मनात म्हणतो, दोनच तर टक्के आहेत, जाऊ द्या. आणि पैसे मोजून घेऊन घरी येतो.

आज आम्हाला या "दोनच टक्क्यां"विषयी बोलायचे आहे.

समजा, 20 क्विंटल कापूस साडेसात हजार रुपये भावाने घातला. दीड लाख झाले. शेकडा दोन म्हणजे तीन हजार रुपये गेले. हे तीन हजार कशाबद्दल गेले? आपलेच पैसे पंधरा दिवस आधी मिळाले म्हणून. हाच दर वर्षावर मांडून पाहा. 98 रुपयांवर पंधरा दिवसांत दोन रुपये, म्हणजे वर्षाला जवळपास 50 टक्के व्याज! गावातला सावकार शेकडा दोन रुपये महिना घेतो, तेव्हा ते वर्षाला 24 टक्के होतात आणि आपण त्याच्या नावाने बोटे मोडतो. इथे त्याच्या दुप्पट दराने व्याज देतो आणि वर व्यापाऱ्याचे आभार मानतो. तो देतो ते कर्जही नव्हे. तो आपलाच पैसा आपल्याला विकतो.

हा व्यवहार नवा नाही. त्याला जुना शब्द आहे बट्टा. पूर्वी पेठेत हुंडी चाले. तीन महिन्यांनी मिळायच्या रकमेची हुंडी ज्याच्याकडे असे, त्याला पैसे आज हवे असले तर तो ती सराफाकडे नेई. सराफ बट्टा कापून रोख देई आणि मुदत भरली की पूर्ण रक्कम वसूल करी. उधारीचा कागद हीदेखील एक मालमत्ता आहे, ती विकता येते, हे व्यापाऱ्याला शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. आपला आडत्यासुद्धा हेच करत आला. शेतकऱ्याला आज पैसे द्यायचे, खरेदीदाराकडून सावकाश घ्यायचे आणि मधली मलई ठेवायची. फरक एवढाच की व्यापारी आपली हुंडी चार सराफांना दाखवून जिथे बट्टा कमी तिथे वटवी. आपण आपली चिठ्ठी एकालाच दाखवतो, आणि तीसुद्धा ज्याने पैसे द्यायचे आहेत त्यालाच!

उशिराचे पैसे शेतकऱ्याला कुठे नेतात, हे या राज्याने कापसाच्या बाबतीत एकदा पाहिले आहे. 1971 च्या कायद्याने महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली, 1972 च्या हंगामात ती सुरू झाली. व्यापाऱ्याच्या तावडीतून सुटका, असे तिचे वर्णन होते. पण पैसे हप्त्याहप्त्याने. ज्याच्या घरात धान्य होते तो पुढच्या हप्त्याची वाट पाहू शकला. ज्याच्या घरी लग्न होते, दवाखाना होता, त्याने तोच कापूस कमी भावात रोखीने व्यापाऱ्याला दिला. मग तो कापूस दुसऱ्याच कुणाच्या नावावर केंद्रावर गेला. हमीभाव कागदावर राहिला, बट्टा मात्र गरिबाने भरला. 2002 च्या सुमारास एकाधिकार संपला. धडा मात्र उरला. भाव किती हा प्रश्न जितका मोठा, तितकाच पैसा कधी हा प्रश्नही मोठा आहे.

कायदा काय म्हणतो? बाजार समितीच्या आवारात विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. उसाला 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांची मुदत आहे, ती उलटली तर 15 टक्के व्याज आहे. म्हणजे आवारात झालेल्या सौद्यावर रोखीची कटती मागणे हे आपल्याच हक्कावर कर लावण्यासारखे आहे. पण हक्क मागायला कागद लागतो. साध्या चिठ्ठीवर ना सही, ना शिक्का, ना वजन, ना तारीख. अशा कागदावर कुठल्या दारात उभे राहणार?

आता दुसरी बाजू पाहू. आपल्या जिल्ह्यातही शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. 2002 साली कंपनी कायद्यात त्यासाठी तरतूद झाली. दहा शेतकरी एकत्र आले तरी अशी कंपनी काढता येते. समजा, अशा एका कंपनीने सभासदांची तूर घेतली, स्वतःच्या मिलमध्ये डाळ केली आणि मुंबई-पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला दहा लाखांचा माल दिला. मोठी कंपनी म्हणाली, पैसे 60 दिवसांनी. 60 दिवस सभासदांना काय सांगायचे? पहिल्या वर्षी ते थांबतात. दुसऱ्या वर्षी तूर पुन्हा आडत्याच्या दारात जाते. माल पडून आहे किंवा भाव मिळाला नाही म्हणून नव्हे, तर विकलेल्या मालाचे पैसे अडकले म्हणून कंपनीचे कंबरडे मोडते.

यावर एक वाट निघाली आहे आणि ती आपल्या लोकांना माहीत हवी. न भरलेली बिले विकत घेण्याच्या धंद्यासाठी देशात 2011 साली स्वतंत्र कायदा झाला, 2021 साली तो दुरुस्त झाला. रिझर्व्ह बँकेने 2014 साली नियम केले आणि 2017 पासून संगणकावरचे बिल-बाजार सुरू झाले. त्यांना "ट्रेड्स" म्हणतात. आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे त्यांतले पहिले तीन. रीत सोपी आहे. लहान उद्योगाने आपले बिल तिथे चढवायचे. खरेदीदाराने "माल मिळाला, एवढी रक्कम देणे आहे" असे मान्य करायचे. मग बँका आणि वित्तसंस्था त्या बिलावर बोली लावतात. कमीत कमी बट्टा कोण घेतो, त्याची बोली. आपण बोली पत्करली की एक-दोन दिवसांत पैसे खात्यावर येतात. मुदत भरली की खरेदीदार ती रक्कम बँकेला देतो. त्याने बुडवले तरी बँक आपल्या मागे लागत नाही, हा या व्यवस्थेचा कणा आहे.

हिशेब करा. दहा लाखांचे बिल, 60 दिवसांची मुदत आणि समजा वर्षाला 9 टक्के बट्टा. कापले जातील सुमारे 14 हजार 800 रुपये, म्हणजे शेकडा दीड रुपयाच्याही आत, तेही दोन महिन्यांसाठी. जिनिंगच्या दारात आपण पंधरा दिवसांना शेकडा दोन देतो. फरक समजायला शाळा लागत नाही. तिथे मागणारे अनेक असतात आणि बोली खाली येते. इथे मागणारा एकच असतो आणि तोच आपला देणेकरी असतो.

पण आम्ही कुणाला मृगजळ दाखवणार नाही. या वाटेवर चार खड्डे आहेत.

पहिला, ही वाट एकट्या शेतकऱ्यासाठी नाही. तिथे नोंदणीकृत लघुउद्योगच जाऊ शकतो. डाळमिल किंवा जिनिंग चालवणारी आपली कंपनी उद्योग म्हणून "उद्यम" नोंदणी करू शकते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांनाही 2021 पासून ही नोंदणी मिळते, पण तिचा लाभ प्राधान्याच्या बँक कर्जापुरता ठेवला आहे. म्हणून आपली कंपनी प्रक्रिया करते की फक्त मध्यस्थी, हे आधी पाहा.

दुसरा, बिल विकले जाते ते आपल्या नावावर नव्हे, खरेदीदाराच्या पतीवर. केंद्र सरकारचे उपक्रम आणि 2024 च्या आदेशानुसार 250 कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्या यांना तिथे नोंदणी सक्तीची झाली आहे. तालुक्याच्या जिनिंगवाल्याचे बिल तिथे चालेल, या आशेवर राहू नका. आणि मोठ्या कंपनीची नोंदणी आहे म्हणजे ती आपले बिल आपोआप मान्य करील, असेही नाही. ही अट माल देण्याआधी, करारातच घालून घ्यावी लागते.

तिसरा, मालाच्या प्रतीवरून वाद निघाला तर बिल मान्य होत नाही आणि सगळे अडून बसते. वजन, ओलावा, प्रत यांचा सहीचा कागद माल उतरला त्याच दिवशी घ्या.

चौथा खड्डा सर्वांत खोल. या बिल-बाजाराबाहेर कुणी खाजगीत बिल घेत असेल तर आधी एकच प्रश्न विचारा, खरेदीदाराने बुडवले तर पैसे कोण भरणार? उत्तर "तुम्ही" असे असेल, तर ती विक्री नव्हे, कर्ज आहे. आणि बिल विकून आलेला पैसा सभासदाचा आहे. त्यातून कार्यालयाच्या खुर्च्या घेतल्या की पुढच्या हंगामाची बिले मागच्या हंगामाची भोके बुजवू लागतात. असा धंदा दोन पावसाळे टिकत नाही.

आणखी एक गोष्ट. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत देण्याचे बंधन 2006 च्या कायद्याने खरेदीदारावर आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. म्हणजे 60 दिवसांची मुदत मुळात आपण मान्यच का करायची? बिल विकण्याची सोय झाली म्हणून उशिरा देणाऱ्याला माफी देऊ नये. बट्टा भरणे हा नाइलाज आहे, धर्म नव्हे.

ज्याच्याकडे कंपनी नाही, फक्त चार एकर कोरडवाहू आहे, त्याने काय करावे? ज्वारी, तूर, हरभरा, सोयाबीन यांच्यासाठी राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. योजना राबवणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचे, सहा महिन्यांची मुदत, 6 टक्के व्याज. एक लाखाच्या मालावर 75 हजार मिळाले तर सहा महिन्यांचे व्याज सव्वादोन हजार. माल विकायचा नाही पण पैसा हवा, तर तारण. माल विकला पण पैसा नाही, तर बिल. ही दोन औषधे वेगळी आहेत, आजार ओळखून घ्यावीत.

आणि उधारीवर कापूस द्यायचीच वेळ आली, तर चिठ्ठीऐवजी तारखेचा धनादेश घ्या. तो न वटता परत आला, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळून 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात फौजदारी तक्रार करता येते. चिठ्ठीवर यातले काही करता येत नाही. मुदतीची तारीख चुकवली तर मात्र हा हक्कही हातचा जातो.

जिल्हा मेळाव्याला येताना एक काम करा. गेल्या हंगामाच्या सगळ्या पट्ट्या आणि चिठ्ठ्या पिशवीत घालून आणा. रोखीसाठी कुणाचे किती कापले गेले, किती दिवसांसाठी कापले गेले, याची गावनिहाय बेरीज तिथेच मांडू. आकडा समोर आला की बाजार समितीपुढे काय मागायचे आणि आपल्या कंपन्यांनी पुढच्या करारात काय लिहून घ्यायचे, ते ठरवायला फार वेळ लागणार नाही.

पाऊस आपल्या हातात नाही. भाव पुरता आपल्या हातात नाही. पण विकलेल्या मालाचा कागद आपल्या हातात असतो. तो कागद कवडीमोलाने कुणाच्या हवाली करायचा नाही, एवढे तरी यंदा ठरवू या.