शेवटची बादली

दिवाळी आली की माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली उतरवायचा, अशी आमच्या घरची प्रथा आहे. तो आता पेटत नाही. चिंचेने घासून लख्ख करून त्याला बैठकीच्या खोलीत ठेवतात आणि त्यात झेंडूची फुले खोचतात. जन्मभर पोटात विस्तव बाळगलेल्याच्या वाट्याला उतारवयात फुले आली, हे बरेच झाले म्हणायचे!

लहानपणी मात्र हा बंब म्हणजे आमच्या घरचा सूर्य होता. नरकचतुर्दशीला आई साडेतीनला उठे. मधल्या नळीत करवंट्या, ढलप्या आणि वर कोळसे घालून ती तो पेटवी. तेल चोपडलेली आम्ही तीन भावंडे कुडकुडत त्याच्याभोवती हात शेकत बसत असू.

गेल्या धनत्रयोदशीला आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक फराळाला आले आणि चकली हातात तशीच धरून बंबाकडे पाहत राहिले. म्हणाले, “मराठीच्या माणसाच्या घरी एवढं शास्त्र!” मग त्यांनी तिथेच तास घेतला. न शिवताही बंबाची ऊब हातांना लागते, ते प्रारण. नळीतली आच तांब्यातून पाण्याला मिळते, ते वहन. या कामी तांबे स्टेनलेस स्टीलच्या वीसपटींहून सरस. पाणी स्वतः मात्र उष्णतेच्या बाबतीत मोठे कंजूष. पण नळीलगतचे पाणी तापले की हलके होऊन वर चढते, वरचे गार पाणी खाली येते; हे अभिसरण. शिवाय विस्तव मध्ये आणि पाणी सभोवार, म्हणजे आच वाया जायला वाट थोडी.

गणिताशी माझे वाकडे आहे, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. तरी त्यांनी पुढे केलेल्या हिशेबाने मी चकित झालो. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. उष्णता आणि काम ही एकाच ऊर्जेची रूपे आहेत, हे जेम्स जूलने १८४० नंतरच्या दशकात प्रयोगांनी दाखवले. त्या हिशेबाने तेवढ्या ऊर्जेत तीच भरलेली बादली साडेदहा किलोमीटर उंच उचलता येईल. एव्हरेस्टची उंची ८,८४९ मीटर!

पाहुणे गेले, पण तो आकडा काही डोक्यातून जाईना. घरात आम्ही सात माणसे होतो. आजोबा, वडील, काका आणि आम्ही तिघे. म्हणजे सहा एव्हरेस्ट आई पहाटेच चढून जात असे. बंबातून बादलीभर कढत पाणी काढले की तेवढेच गार पाणी ओतायचे, हा नियम. सातव्या बादलीपर्यंत नळीत राख उरे. “आता एकटीसाठी कशाला कोळसे जाळायचे?” असे म्हणत ती न्हाणीघरात जाई. एका दिवाळीला पाणी कोमट आहे म्हणून मी रडून गोंधळ घातला होता. तेव्हा टोपलीतले उरलेले कोळसे तिने माझ्यासाठी घातले. तिच्या बादलीत मात्र मी कधी बोट बुडवून पाहिले नाही.

उष्णता आपण होऊन नेहमी गरमाकडून गाराकडे जाते. परत फिरत नाही, असेही प्राध्यापक म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच आधी उठलो. गीझर लावला, बादली भरली आणि आईला उठवले.

“आई, आज पहिली आंघोळ तुझी.”

“अरे, आधी मुलांचं होऊ दे.”

“नाही. आधी तू.”

ती कुरकुरत न्हाणीघरात गेली. दार लोटले गेले. क्षणभराने आतून हाक आली,

“अरे, हे फार कढत आहे रे! मला सवय नाही. थोडं गार घाल बघू.”