तुटले ते टाकावेच काय?

गेल्या पावसाळ्यात आमच्या जुन्या मोटारीचा पुढला बंपर घरासमोरील चिऱ्यांच्या गडग्याला घासला आणि त्यास वीतभर लांबीचा तडा गेला. दोष सर्वस्वी आमचाच होता. गडगा बिचारा आपल्या जागी उभा होता. दुरुस्तीस गेलो असता, "सर, हे सांधत बसण्यापेक्षा नवाच बसवा," असा सल्ला मिळाला. वीतभर भेगेपायी अख्खा बंपर टाकावा, हे मनास पटेना. बाजारातून चिकटविण्याचे औषध आणून आम्ही तो तडा घरीच बुजविला. विजयाचा आनंद तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी पहिल्याच गतिरोधकावर भेग पुन्हा उघडली.

ही फजिती वर्गात सहज सांगितली, तेव्हा नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, बंपरच्या आतल्या अंगाला कोणती अक्षरे आहेत, ती पाहिलीत का?" त्याच्या घरी मोटारदुरुस्तीचे काम चालते. कला शाखेचे पदवीधर म्हणविणाऱ्या आम्हांस अक्षरे वाचण्याचा धडा एका विद्यार्थ्याकडून मिळावा, हा योगच म्हणावयाचा! बंपर उतरवून पाहिला, तो आत 'पीपी' व 'ईपीडीएम' अशी अक्षरे उमटविलेली होती.

पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि ईपीडीएम हा रबराचा एक प्रकार. आजच्या पुष्कळ मोटारींचे बंपर याच मिश्रणाचे असतात. इटलीचे शास्त्रज्ञ ज्यूलिओ नाट्टा यांनी १९५४ साली पॉलिप्रॉपिलीनवर मूलभूत संशोधन केले आणि १९६३ साली त्यांना जर्मनीचे कार्ल त्सीग्लर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्लास्टिकच्या पृष्ठभागाला साधा गोंद नीट धरत नाही. मात्र सुमारे १६० अंश सेल्सिअस उष्णतेला ते वितळते आणि निवताच पुन्हा घट्ट होते. तात्पर्य, ते चिकटवावयाचे नसून, तांब्या-पितळेच्या भांड्यास डाख देतात त्याप्रमाणे, झाळावयाचे असते.

मग आम्ही नव्याने आरंभ केला. बंपर साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन वाळविला. भेगेच्या टोकाशी बारीक छिद्र पाडले, म्हणजे ती पुढे धावत नाही. कडा जुळवून बाहेरून टेप लावली. आतल्या बाजूने स्टेनलेस स्टीलच्या बारीक जाळीची पट्टी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये रुजविली आणि त्यावर त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून थर दिला. पाणी न ओतता तो आपोआप निवू दिला. नंतर बाहेरून भेगेवर उथळ खोबण कोरून ती तशीच भरली, पॉलिश पेपरने घासली आणि प्लास्टिकसाठीच असलेल्या प्रायमरचा हात देऊन वर रंग दिला. तापल्या प्लास्टिकचा धूर अपायकारक असतो, म्हणून हे सारे काम अंगणात, वारा पाठीशी घेऊन केले. निरखून पाहिल्यास रंगाची छटा किंचित निराळी दिसते; सांधा मात्र पुढला सारा पावसाळा टिकला.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. बंपर हे बाहेरचे आवरण होय. धक्का सोसणारा दांडा त्याच्या आत असतो. तो वाकला असेल, किंवा बंपर अडकविण्याचे कान मोडले असतील, तर घरगुती उपाय करू नयेत. वरून रंग देऊन आतला दोष झाकणे ही दुरुस्ती नव्हे, ती फसवणूक होय.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? दोन दिवसांच्या श्रमाचे मोल धरले तर नवा बंपरच स्वस्त पडेल! हा हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. रंगाचे थर चढलेला आणि रबर मिसळलेला जुना बंपर पुन्हा उपयोगात आणणे सोपे नसते. तो कोठे तरी कचरा होऊन पडतो. याहून मोठी हानी आपल्या माणसांची होते. फाटक्या लुगड्याची गोधडी करणाऱ्या घरांतील आपण, वस्तूची जात न ओळखताच ती टाकावयास शिकलो. कारागिराचे पोट आपण मारू, ही भीतीही आम्हांस वाटत नाही. ज्याने स्वतः एकदा सांधा जुळविला आहे, तो कारागिराच्या मजुरीवर घासाघीस करताना दहादा विचार करील.

विद्यार्थिमित्रांनो, ज्या मुलाने आम्हांस ती अक्षरे दाखविली, त्यास विज्ञानाच्या परीक्षेत जेमतेम गुण मिळतात. हा दोष त्याचा, की आमच्या परीक्षेचा, याचा विचार आम्ही शिक्षकांनी केला पाहिजे. आठवड्यातून एक तास शाळेत दुरुस्तीचा असावा, असे आमचे नम्र मत आहे. तोवर घरातील एक मोडकी वस्तू, टाकण्यापूर्वी, उलटी करून पाहा. आत काही लिहिलेले आढळेल.