भाडं खोल्यांचं नसतं
घर बदलताना पॅकर्स-मूव्हर्सवाला फोनवरच ‘टू बीएचके ना? मग इतके होतील’ असं सांगून मोकळा होतो, तिथेच सावध व्हायला हवं. भाडं ठरतं ते सामान गाडीत किती जागा अडवतं यावरून. रिकामं कपाट वजनाला फार नसतं, पण ‘छोटा हत्ती’तली बरीच जागा तेच खातं, पुस्तकांची खोकी मात्र कोपऱ्यात मावतात आणि हमालांचा घाम काढतात. पुण्यातल्या पुण्यात जायचं तर गाडीचा आकार, माणसं आणि मजले एवढ्यावर हिशेब बसतो. नागपूरला निघालात की डिझेल, टोल आले, आणि प्रश्न येतो तो स्वतंत्र गाडी की पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या सामानासोबत एकाच गाडीत. पार्ट लोड स्वस्त पडतं, पण त्यात सामान वाटेत गोदामात उतरवून पुन्हा चढवलं जाऊ शकतं, आणि फुटतुटीची भीती तिथेच. भांडणं होतात ती कोटेशनमध्ये न लिहिलेल्या गोष्टींवरून: लिफ्ट बंद, गाडी गेटपासून लांब, एसी काढणं-बसवणं, विमा, वर १८ टक्के जीएसटी. निम्मं सामान चढल्यावर जादा पैसे मागणं ही सरळ अडवणूक आहे. त्या क्षणी कुणालाच नाही म्हणता येत नाही. म्हणून पॅकर्सच्या माणसाला आधी घरी बोलावून माळ्यासकट सगळं दाखवा, सामानाची यादी आणि एकूण रक्कम लेखी घ्या, आणि लॉरी पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’, म्हणजे तुमच्याच जोखमीवर, असं छापलंय का, हे सही करण्याआधी वाचा.