मुलाखतीच्या नावाखाली फुकट राबवणूक नको

रेल्वे व टपाल कामगारांची मुलेमुली आज खासगी कंपन्यांत डेटा ॲनालिस्टच्या नोकरीसाठी मुलाखती देत आहेत. सभासद आमच्याकडे याविषयी विचारणा करतात, म्हणून हा प्रश्न येथे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

ही मुलाखत एका दिवसात उरकत नाही. आधी फोनवर चौकशी, मग संगणकावर चाचणी, मग घरी करावयाचे काम आणि शेवटी तांत्रिक मुलाखती. एसक्यूएल या संगणकी भाषेत दोन तक्ते जोडावयास सांगतात. एका तक्त्यात असलेली पण दुसऱ्यात नसलेली नोंद कुठे जाते, एकच नोंद दोनदा आली तर कशी शोधायची, असे विचारतात. आपल्या मुलांनी यात दबून जाण्याचे कारण नाही. मालडब्याचा 11 अंकी क्रमांक, त्यातील शेवटचा अंक पडताळणीचा. 1972 पासूनचा 6 अंकी पिन कोड. ही माहितीची शिस्तच आहे आणि ती आपल्या कामगारांनी रोज पाळली आहे. मात्र परीक्षकाला नुसते उत्तर पुरत नाही, विचार कसा केला तेही ऐकायचे असते. म्हणून मोठ्याने बोलत गणित सोडवण्याचा सराव हवा.

आमचा आक्षेप आहे तो घरच्या कामाला. काही कंपन्या उमेदवाराला तीन-चार दिवस राबवतात, अहवाल घेतात आणि पुढे होय-नाही काहीच कळवत नाहीत. काम पाहिल्याशिवाय माणूस कसा घ्यावा, असे त्या म्हणतील. ट्रेड टेस्ट आमचे कारागीरही देतात, पण बढतीसाठी, पगार चालू असताना! उमेदवार पगारपत्रकावर नसतो, म्हणून त्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते.

केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट क व ड पदांच्या मुलाखती बंद केल्या, कौशल्य चाचणी ठेवली. म्हणजे नियम करता येतात. खासगी क्षेत्रासाठी आमच्या मागण्या साध्या आहेत: फेऱ्या किती ते आधी लेखी सांगा, दोन तासांहून जास्त कामाचा मोबदला द्या, निकाल पंधरा दिवसांत कळवा.

शाखांनी या मागण्यांचे ठराव करावेत आणि युनियन कार्यालयात रविवारी सराव वर्ग सुरू करावेत. नोकरी मिळण्याआधीच फुकट राबण्याची सवय लागली, तर ही पिढी पुढे हक्क मागणार कशी?