उंचीचा खर्च कोणी भरायचा?

गेल्या पावसाळ्यात एका गुरुवारी सकाळी आमच्या इमारतीच्या दोन्ही लिफ्ट बंद होत्या. एकीची दुरुस्ती आठवडाभर रखडली होती, दुसरीच्या खड्ड्यात रात्री पाणी शिरलं. आईचा डायलिसिसचा दिवस, आणि आम्ही राहतो 19व्या मजल्यावर. गणपती मंडळातल्या चार पोरांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, जुन्या साडीने कमरेशी बांधलं आणि जिन्याने खाली आणलं. दर तीन मजल्यांनी खुर्ची टेकवायची, हात बदलायचे. 12व्या मजल्यावर आई म्हणाली, "मला परत वर नेऊ नका रे. मी मावशीकडेच राहीन." ती खरोखरच नऊ दिवस काळाचौकीला मावशीकडे राहिली.

आमच्या जिन्यातून वर्ल्ड वन दिसतो. 76 मजले, 280 मीटर. श्रीनिवास मिलच्या जागेवर उभा आहे. मूळ बेत 442 मीटरचा होता, पण विमानांच्या वाटेत येतो म्हणून तेवढ्या उंचीला परवानगी मिळाली नाही. तिकडे वरळीला श्रीराम मिलच्या जागेवर 320 मीटरचा पॅले रोयाल झाला. माझे वडीलही गिरणीतच, साचेखात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संपावर गेले ते कायमचे. या जमिनींवर उभ्या राहिलेल्या इमारतींचे आकडे वाचताना मी मजले मोजत नाही. उंचीचा खर्च कोण भरतं, ते बघते.

टॉवरवर माझा राग नाही. करी रोडच्या आमच्या चाळीत मजल्याच्या टोकाला सामायिक संडास होते. रात्री-अपरात्री आई बादली घेऊन अंधाऱ्या गॅलरीतून जायची. नव्या घराचा ताबा मिळाला तेव्हा तिने आधी देव मांडले नाहीत. मोरीच्या नळाखाली हात धरून उभी राहिली. स्वतःचा संडास, चोवीस तास दार बंद करता येईल अशी जागा, हे सुख ज्यांना जन्मतः मिळालं त्यांनी चाळीचे गोडवे गाऊ नयेत.

पण आम्ही 19व्या मजल्यावर का गेलो, हेही समजून घ्या. आम्ही उंची मागितली नव्हती. उपकरप्राप्त चाळीचा पुनर्विकास होतो तेव्हा जुन्या भाडेकरूंना त्याच जागेवर घरं द्यावी लागतात, आणि त्या बदल्यात विकासकाला विक्रीसाठी जादा चटईक्षेत्र मिळतं. जुने रहिवासी भूखंडाच्या एका कोपऱ्यात, एकावर एक रचले, की उरलेली जमीन विक्रीच्या टॉवरला मोकळी होते. आम्ही जितके वर चढलो, तितकी खाली जागा सुटली. ताडदेवचे इम्पिरियलचे 60 मजली जुळे टॉवर याच गणिताचे आहेत. एम. पी. मिल कंपाउंडच्या झोपडपट्टीचं पुनर्वसन झालं, म्हणून ते उभे राहू शकले.

तीन वर्षं मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. उंची म्हणजे काय, ते मला हिशेबाच्या वहीत दिसतं. लिफ्टचा वार्षिक करार, वायर रोप, वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणाऱ्या यंत्राच्या बॅटऱ्या. पाणी वर चढवणाऱ्या पंपाचं बिल. जिन्यातले दिवे. आगीच्या यंत्रणेची देखभाल आणि दर जानेवारी-जुलैत ती यंत्रणा चालू असल्याबद्दल परवानाधारक संस्थेकडून घ्यायचा दाखला, फॉर्म बी. चाळीत भाडं दोन आकडी होतं. इथे मेन्टेनन्स चार आकडी आहे. विकासकाकडून कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठीची ठेव, मिळाला, पण घरटी ठोक रकमेने. एका लिफ्टचे रोप बदलले आणि वर्षभराचं व्याज संपलं. आमच्याकडे पेन्शनीवरच्या विधवा आहेत, घरकाम करणाऱ्या बाया आहेत. त्यांच्या दाराशी थकबाकीचा कागद लावायला माझे हात धजत नाहीत. काहींनी घर भाड्याने देऊन बदलापूर गाठलं. आम्हाला इथून कोणी हुसकावलं नाही. महिन्याच्या बिलानेच एकेक घर रिकामं होतंय.

देखभाल राहिली तर नुसती गैरसोय होत नाही. मुंबई अग्निशमन दलाच्या सर्वांत उंच शिडीची पोच 90 मीटर. त्याच्या वर इमारतीनेच स्वतःला वाचवायचं, आणि खालीही अरुंद गल्लीत ती शिडी शिरेलच असं नाही. 22 जानेवारी 2022 ला ताडदेवच्या एका 20 मजली इमारतीत आग लागून माणसं गेली. तिथली अग्निशमन यंत्रणा चालू नव्हती, असं तेव्हा समोर आलं. ती बातमी वाचून मी त्याच दिवशी आमचा पंप सुरू करून पाहायला लावला.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्याच्या सोयीसाठी उंची वाढली, त्याने तिचा खर्च उचलावा. कॉर्पस घरटी ठरू नये. किती मजले, किती लिफ्ट, किती पंप यावर ठरावा, आणि विक्रीचं पहिलं घर विकण्याआधी सोसायटीच्या नावे बँकेत जमा व्हावा. पुनर्वसनाच्या इमारतीला स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट आणि बंद पडल्यावर शेजारच्या टॉवरला मिळते तितक्याच तातडीची दुरुस्ती मिळावी. आणि संमतीपत्रावर सही घेण्याआधी रहिवाशाला मराठीत लेखी सांगावं: तुम्ही या मजल्यावर जाणार, पंधरा वर्षांनी महिन्याला साधारण एवढं भरणार. हे अशक्य नाही. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी 40 मजली इमारती झाल्या, 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या, आणि तिथे सुरुवातीच्या वर्षांची देखभाल म्हाडा करणार आहे. सरकार करतं ते खासगी विकासकाला का लागू नसावं?

आई आता परत घरी आली आहे. बुधवारी रात्री झोपण्याआधी ती वॉचमनला फोन लावून विचारते, "उद्या लिफ्ट चालेल ना रे बाबा?"

पुढच्या रविवारी आमच्या मागच्या चाळीत पुनर्विकासाच्या संमतीसाठी सभा आहे. तिथल्या बायकांनी मला बोलावलंय. भाषण मला येत नाही. मी सोसायटीची हिशेबाची वही घेऊन जाणार आहे.