भिंतीपलीकडे टाकलेल्या गोगलगायी



एकतीस वर्षं मी मुलांना मराठी शिकवलं. त्यात "गोगलगाय आणि पोटात पाय" ही म्हण किती वेळा फळ्यावर लिहिली त्याचा हिशेब नाही. अर्थ सांगा : वरून गरीब, आतून लबाड. वाक्यात उपयोग करा. दोन गुण. झालं! पण ज्या कुणी ही म्हण केली त्याने गोगलगाय अगदी जवळून पाहिली होती, हे मला निवृत्तीनंतर अंगणात बसायला लागल्यावर कळलं. प्राणिशास्त्रात ह्या जीवांच्या वर्गाला 'उदरपाद' म्हणतात. पोट हेच पाय. म्हणजे शास्त्रज्ञांनी आपल्या आजीच्याच म्हणीचं संस्कृत केलं म्हणायचं. (आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना हे सांगितलं असतं तर ते चिडले असते. असो.)

परवा आमच्या कॉलनीत ह्या गोगलगायींवरून थोडी वादावादी झाली. तोंडी मला नीट मांडता येत नाही, मध्येच राग येतो. म्हणून लिहिते.

आमच्या कोकणातल्या विहीणबाई म्हणतात, "बडनेऱ्यात कसल्या गोगलगायी? तुमच्याकडे तर माणसंसुद्धा मे महिन्यात वाळतात!" खरं आहे. पण ही जी मोठी, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची गोगलगाय आहे ना, जिला शेतीखात्याचे लोक 'शंखी' म्हणतात, ती मूळची आफ्रिकेची. उन्हाळा कसा काढायचा हे तिला चांगलं माहीत आहे. शंखाच्या तोंडाला पांढरं पातळ झाकण लावते आणि मातीत शिरून झोपून राहते. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिला आयतीच घरं! मृगाची पहिली सर आली की झाकण उघडतं आणि रात्री सगळ्या बाहेर.

त्यातून आम्ही बागवाल्या बायका. रोज संध्याकाळी नळी घेऊन झाडांना पाणी घालतो आणि ऐन वैशाखातही अंगणात छोटं कोकण करून ठेवतो. रात्रभर ओली माती म्हणजे त्यांना पानाचं ताट वाढून ठेवल्यासारखं. मी आता पाणी सकाळीच घालते. संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. एवढ्या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा पुढच्या कुठल्याच उपायाने पडला नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्याकडे दोन जाती आहेत. एक ही शंखवाली. दुसरी बिनशंखाची, चपटी, काळपट करडी, पाठीवर मधोमध एक फिकट रेघ. ती मोरीपाशी आणि कुंड्यांच्या बुडाखाली सापडते. दोघींचं खाणं एकच, कोवळं ते सगळं. सांभाराचा वाफा उगवून दोन पानांवर आला की एका रात्रीत साफ. (माहेरी आम्ही कोथिंबीर म्हणायचो, इथे सांभार. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, आता मीही सांभारच म्हणते.) झेंडूची रोपं, पालक, पपईचं कोवळं खोड, काही सोडत नाहीत.

पहिला उपाय ह्यांनी केला. मीठ. दिसली की चिमूट टाकायची. ती फेसाळत मरते, बघवत नाही. शिवाय मीठ कुठे जाणार? आपल्या काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो, मीठ तिथेच राहतं. ज्या वाफ्यावर ह्यांनी दोन पावसाळे मीठ टाकलं तिथे नंतर सांभारही धड आला नाही. गोगलगाय गेली नाही, माती मात्र गेली.

दुसरा उपाय मी केला. तो सांगायला जड जातं, पण सांगते. कृषी केंद्रातून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणल्या. वाफ्याच्या कडेने टाकल्या. सकाळी वीस-पंचवीस मेलेल्या दिसल्या आणि मला फार बरं वाटलं. ह्या गोळ्यांत कोंड्यासारखं काहीतरी खाद्य असतं, गोगलगायीला ओढायला. ते कुत्र्यालाही ओढतं, हे पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असेलही, मी वाचलं नाही. आयुष्यभर मुलांना "प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा" सांगणारी बाई मी! आमच्या गल्लीतल्या एका मुलाने पाळलेलं पिल्लू फाटकाखालून आत आलं. दुपारी त्याला झटके यायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की ह्या विषावर नेमका असा उतारा नाही, झटके थांबवायचे आणि वाट बघायची. रात्रीच ते गेलं. तो मुलगा समजला काहीतरी साप-विंचू चावला. मी काही बोलले नाही. दोन वर्षं बोलले नाही. ह्या आठवड्यात त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि आत निघून गेला. त्याहून जास्त मी अपेक्षा करू नये.

तिसरा उपाय, आणि वाद ह्याच्यावरून झाला. वेचायच्या आणि भिंतीपलीकडे टाकायच्या. आमच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे, मालक बाहेरगावी, आत छातीएवढं गाजरगवत. कॉलनीतल्या बहुतेक घरांतून गोगलगायी तिथेच जातात. जीवही मारला नाही, बागही स्वच्छ! मीही हेच करायची. पुढे इंग्लंडमध्ये असलेल्या माझ्या भाचीने एक मजेची गोष्ट कळवली. तिकडे बीबीसी रेडिओने २०१० साली सामान्य लोकांकडून विज्ञानाचे प्रयोग मागवले होते. डेव्हनच्या रूथ ब्रूक्स नावाच्या, शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या ६९ वर्षांच्या आजीबाईंनी विचारलं, बागेतून दूर टाकलेली गोगलगाय घरी परत येते का? शंखांवर नखांचा रंग लावून त्यांनी प्रयोग केला आणि त्या वर्षीचा पहिला क्रमांक मिळवला. गोगलगायी परत येत होत्या, ३० मीटरवरूनसुद्धा.

मला राहवेना. नातीची लाल नेलपॉलिश घेतली, वीस शंखांवर टिकल्या लावल्या आणि वीसही त्या प्लॉटवर टाकल्या. आठवड्यात सात टिकल्या परत माझ्या पालकात! चार शेजारच्या वहिनींच्या कुंड्यांत निघाल्या. आमची वेगळी जात, वीस काही फार मोठा आकडा नाही, हे सगळं मान्य. पण त्या चार टिकल्या वहिनींनी मला आणून दाखवल्या तेव्हा माझी मान खाली गेली, हे खरं.

मी म्हणाले, प्लॉटवर टाकणं बंद करा, मिळून वेचू आणि मारू. त्यावर एक जण म्हणाले, "आपल्या आवारात नाई न बाई, मंग कायले टेन्शन घेता?" माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्याच्या विरोधात आहे.

कारण आवार आपण पाडलेलं. ही गोगलगाय नर आणि मादी एकाच देहात घेऊन फिरते, म्हणजे जी दिसेल ती अंडी घालणारी. एका वेळी शंभर-दोनशे, साबुदाण्याहून थोडी मोठी, पिवळसर, ओल्या मातीत पुरलेली. आपण ज्या सात मारल्या त्यांची उणीव प्लॉटवरची एकटी एका पावसाळ्यात भरून काढते. भारतात ती आलीही अशाच कुणाच्या तरी हौसेने. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंखांचा अभ्यास करणाऱ्या इंग्रजाने मॉरिशसहून काही जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या आणि त्या तिथल्या एका बागेत सुटल्या. अमेरिकेत फ्लोरिडाला १९६६ साली एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी आणल्या, त्याच्या आजीने त्या अंगणात सोडल्या. सात वर्षांत त्यांच्या अठरा हजारांवर झाल्या. सरकारला दहा लाख डॉलर खर्चून १९७५ पर्यंत त्या संपवाव्या लागल्या. आजीबाईंचा काही दुष्ट हेतू नव्हता. आपलाही नसतो.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यातलं. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाचं उस्मानाबाद (आता धाराशिव) इथे ह्याच गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं रात्रीतून कुरतडून टाकली. लोकांना दुबार, तिबार पेरण्या कराव्या लागल्या. सरकारला नुकसानीची मदत जाहीर करावी लागली. आपण पिढ्यान् पिढ्या पावसाच्या नावाने मदत ऐकली, टोळधाडीच्या गोष्टी ऐकल्या, पण गोगलगायीमुळे मदत! माझ्या भावाचं शेत त्यातच होतं. तो फोनवर म्हणायचा, "ताई, शेतात दिवसा एक दिसत नाही. सगळ्या बांधावर, गवतात." शेजारचं शेत पडीक होतं. भाऊ आपल्या शेतात वेचायचा आणि रात्री बांधावरून नव्या यायच्या. दोन पेरण्या गेल्या. तिसऱ्या वेळी लागून असलेल्या चार शेतांतली माणसं, बाया, पोरं रोज दिवस मावळल्यावर कंदील, बॅटऱ्या घेऊन बांधाबांधाने फिरली, गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती अंथरली, सकाळी पोत्याखालच्या गोळा केल्या. पडीक शेतातही गेली, न विचारता. ते तिसरं पीक उशिराचं, उतारा कमी, पण हाती आलं.

गंमत बघा, त्याच २०२२ साली इंग्लंडमध्ये दोन गोष्टी झाल्या. तिथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने जाहीर केलं की यापुढे आम्ही गोगलगायींना 'कीड' म्हणणार नाही. त्यांच्याकडच्या ४४ बिनशंखी जातींपैकी जेमतेम नऊ बागेतली झाडं खातात, बाकीच्या कुजका पाचोळा खाऊन बागेचं भलंच करतात, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याच वर्षी तिथे उघड्यावर मेटाल्डिहाइड वापरायला बंदी आली, पक्षी आणि जनावरं मरतात म्हणून. भाचीने हे दोन्ही कळवलं आणि वर लिहिलं, "मावशी, तूही त्यांच्याशी मैत्री कर!"

मला ह्यातलं अर्धं पटतं. विषाचं पूर्ण पटतं, का ते वर सांगितलंच. पण मैत्रीचं नाही. तिथल्या जाती बहुतेक तिथल्याच, त्यांना खाणारे पक्षी-प्राणीही तिथेच. आपल्याकडची शंखी पाहुणी आहे आणि तिच्या आकाराला पुरून उरेल असा गडी आपल्या अंगणात मी तरी पाहिला नाही. भारद्वाज येतो कधीमधी, लहानसहान टिपतो. तेवढ्याने भागत नाही. त्याच सोसायटीने २०१८ मध्ये अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी, खडी वगैरे घरगुती अडथळे तपासले होते आणि एकाचाही उपयोग दिसला नाही. त्यामुळे अंड्याची टरफलं साठवून ठेवणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, ती खतात टाका.

राहिला जीव मारण्याचा प्रश्न. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "निदान श्रावण तरी जाऊ द्या." मी त्यांचा मान ठेवते, पण आषाढ-श्रावण हाच त्यांचा अंडी घालायचा काळ. भाद्रपदात वेचायला बसणं म्हणजे निकाल लागल्यावर अभ्यास करणं. आणि भिंतीपलीकडे टाकण्यात दया कुठे आहे? मारायचं काम आपण शेजाऱ्यावर ढकलतो, एवढंच. मला मारायला आवडत नाही. बादलीत साबणाचं दाट पाणी घेते, त्यात टाकते, झाकण ठेवते. सकाळी खड्ड्यात पुरून वर चुना टाकते. त्या रात्री मला झोप जरा उशिरा लागते. पण मी वेचलेली कुणाच्या दारात जात नाही.

हात मात्र उघडे ठेवू नका. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक जंत गोगलगायीतून माणसात येऊ शकतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. हातमोजे घाला, पोरांना घालायला लावा. तिचा चिकट माग ज्या पानांवरून गेला ती भाजी कच्ची खाऊ नका, दोन पाण्यांतून धुऊन शिजवा. आणि नर्सरीतून कुंडी आणली की रोप काढून मुळाजवळची माती बघा. माझ्याकडे ही पीडा बहुधा अशीच आली, कारण पहिली मला नव्या मोगऱ्याच्या कुंडीतच दिसली होती. त्याच मोगऱ्याची कलमं मी तीन घरांत वाटली. कुणाकुणाला काय काय दिलं कोण जाणे!

प्लॉटच्या मालकांना मी फोन केला. गवत काढून घ्या, नाहीतर आम्हाला आत जाऊ द्या, म्हटलं. ते म्हणाले, "तुमीच वेचून घ्या न बाई, मी काई मनाई केली काय?" चला, परवानगी तर मिळाली! सोमवारी आणि गुरुवारी दिवेलागणीनंतर, पाऊस भुरभुर असला तरी चालेल, उलट बराच. आतापर्यंत सोळा घरांपैकी पाच घरं येतो म्हणाली आहेत. वहिनी येणार आहेत, जाऊबाई फक्त बॅटरी धरणार आहेत. पोती मी गुळाच्या पाण्यात भिजवून ठेवते. बादल्या ज्याच्या त्याने आणाव्यात.